सरावाच्या खोलीपासून गोदाघाटापर्यंत : बँडच्या ध्वनिमुद्रणासाठी परवडणारा माइक

नाशिकमध्ये हौशी वाद्यवृंदांना तोटा नाही. गणेशोत्सव, पाडवा पहाट, सोसायट्यांची कोजागरी आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळचे कार्यक्रम यांत त्यांचे वर्ष सरते. अशाच एका वाद्यवृंदात मी हार्मोनियम आणि कीबोर्ड वाजवतो, आणि ध्वनिमुद्रणाचे कामही, बाकी कोणाला त्यात रस नसल्यामुळे, माझ्याकडेच आहे. आमच्यात दोन गायक, गिटार, बेस गिटार, ढोलकी-तबला, साइड ऱ्हिदम आणि ऑक्टोपॅडऐवजी खराखुरा ड्रमसेट एवढी मंडळी आहेत. माइक हवा होता तो दोन कारणांसाठी : सराव घरी जाऊन शांतपणे ऐकता यावा आणि कार्यक्रम ठरवणाऱ्यांना पाठवण्याजोगा एखादा नमुना तयार व्हावा. सगळे सामान दुचाकीवरच्या एका पिशवीत मावले पाहिजे, वीज नसली तरी काम चालले पाहिजे आणि स्टँड व केबल धरून खर्च दहा-बारा हजारांपलीकडे जाऊ नये, अशी अट होती. या अटीत बसणारे जे पर्याय मी वापरून पाहिले, त्यांविषयी हे लिहीत आहे.

महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांत बँड मुद्रित करायचा आहे असे सांगितले की पहिल्यांदा पुढे येतो तो बिनतारी कॉलर माइक. “यूट्यूबवाले सगळे हाच नेतात साहेब, बिनधास्त घ्या,” असे सांगणारा दुकानदार खोटे बोलत नसतो. फक्त यूट्यूबवाले बोलतात आणि आपण वाजवतो, एवढा फरक त्याच्या लक्षात आलेला नसतो. हे माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेले असतात. त्यांच्यातली गोंगाट कमी करणारी यंत्रणा एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा रहदारी असे धरून चालते आणि त्याला दाबत जाते. त्यामुळे हार्मोनियमचा धरून ठेवलेला सूर मध्येच विरायला लागतो आणि झांजेची लांबण कात्रीने कापल्यासारखी तुटते. ती यंत्रणा बंद करता आली तरी बँडच्या डाव्या-उजव्या बाजूची मांडणी एका कॉलर माइकमध्ये उतरत नाही. निवेदकासाठी तो अवश्य घ्यावा. बँडसाठी घेऊ नये.

माइक निवडताना बहुतेक जण आवाज गोड येतो का, असे विचारतात. मी आधी विचारतो ते हे की, न फाटता तो किती मोठा आवाज सोसतो. उत्पादकाच्या माहितीपत्रकात ही मर्यादा डेसिबलमध्ये दिलेली असते, आणि बँडच्या बाबतीत पत्रकातली हीच ओळ सर्वांत आधी वाचावी. झूम कंपनीच्या एच१एन या छोट्या रेकॉर्डरच्या अंगच्या माइकसाठी ती १२० डेसिबल आहे, टास्कॅमच्या डीआर-०५एक्स या रेकॉर्डरसाठी १२५, तर रोड कंपनीच्या व्हिडिओमायक्रो या कॅमेऱ्यावर बसवायच्या माइकसाठी १४०. स्नेअरच्या, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडकडीत आवाजाच्या ड्रमच्या, कातड्यापासून वीतभर अंतरावर क्षणिक आवाज १२० डेसिबलच्या वर सहज जातो, हे लक्षात घेतले म्हणजे ड्रमरच्या मांडीशी रेकॉर्डर ठेवून केलेली मुद्रणे का फाटतात ते कळते. सुदैवाने उघड्या जागेत अंतर दुप्पट केले की पातळी ६ डेसिबलने उतरते. बंद खोलीत भिंतींमुळे ती तेवढी उतरत नाही, तरीही हातभर मागे सरकणे हा फुकटचा उपाय आहे आणि तो माइक बदलण्याच्या आधी करून पाहावा.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण अलीकडे दुकानात तो हमखास ऐकू येतो. झूमच्या एच१एसेन्शियलसारख्या नव्या रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोट पद्धतीने मुद्रण होते. पातळी आधी लावावी लागत नाही आणि फार मोठा आलेला आवाज नंतर संगणकावर खाली आणता येतो. हे खरे आहे आणि ज्याला पातळी लावण्याचा कंटाळा आहे त्याच्यासाठी ती मोठीच सोय आहे. पण आवाज दोन ठिकाणी फाटू शकतो : एक, माइकच्या पडद्यापाशी व त्याला लागून असलेल्या मंडलात, आणि दुसरे, तो आवाज अंकांत साठवताना. ३२ बिट फ्लोट दुसऱ्या ठिकाणची काळजी मिटवतो. पहिल्या ठिकाणी फाटलेला आवाज फाटलेलाच साठवला जातो. त्या नव्या रेकॉर्डरच्या माइकची मर्यादाही १२० डेसिबलच आहे. म्हणून “आता काहीही वाजवा, फाटणारच नाही” या आश्वासनावर ढोल पथकाच्या मधोमध उभे राहू नये.

दुसरा प्रश्न, माइक आपल्याकडच्या यंत्राशी जुळतो का, हा आहे. छोट्या रेकॉर्डरला हेडफोनसारखी बारीक, साडेतीन मिलिमीटरची पिन लागते आणि तिच्यातून माइकला दोन-तीन व्होल्टचीच वीज मिळते. तिला प्लग-इन पॉवर म्हणतात. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला मात्र तीन काट्यांच्या कॅनन पिनमधून सहसा ४८ व्होल्टची फँटम वीज लागते. पिन बदलून देणारा जोड दुकानात शंभर-दोनशे रुपयांत मिळतो खरा, पण तो वीज तयार करत नाही. बेहरिंगरच्या सी-२ या कंडेन्सर माइकची जोडी या किमतीत मिळणाऱ्या सर्वांत उपयुक्त वस्तूंपैकी एक आहे : दोन जुळवलेले माइक, १० डेसिबल पातळी उतरवणारा खटका, खर्ज कापण्याची सोय आणि दोन्ही माइक एकाच स्टँडवर बसवणारी पट्टी असे सगळे एका पेटीत येते. परंतु फँटम वीज देणारे यंत्र जवळ नसेल तर ती पेटी शोभेची ठरते. मोबाइलला जोडता येईल असा दोन कॅनन तोंडांचा इंटरफेस, म्हणजे माइकला वीज देऊन त्याचा आवाज मोबाइलकडे पोहोचवणारी पेटी, आणि त्याला चालवायला पॉवर बँक घेतली की अंदाजपत्रक आणि पिशवी दोन्ही फुगतात. ज्यांच्याकडे असा इंटरफेस आधीपासून आहे, त्यांनी मात्र सी-२ चाच विचार करावा. दोन माइकांमधले अंतर सुमारे १७ सेंटिमीटर आणि कोन ११० अंश ठेवला तर बँडची रुंदी फार छान उतरते.

रोजच्या साध्या डायनॅमिक माइकला, म्हणजे शुअरच्या एसएम-५७ व एसएम-५८ किंवा त्यांच्याहून पुष्कळ स्वस्त असलेल्या बेहरिंगर एक्सएम-८५०० सारख्या माइकला, बाहेरची वीज लागत नाही आणि मोठ्या आवाजाची त्यांना भीतीही नसते. एसएम-५७ हा १९६५ पासून बाजारात आहे आणि गिटार अँपच्या किंवा स्नेअरच्या तोंडाशी तो अजूनही दिसतो, तो उगाच नव्हे. पण त्यांचा विद्युत संकेत क्षीण असतो. छोट्या रेकॉर्डरची पातळी चढवावी लागते आणि शांत जागी मागे सरसर ऐकू येते. शिवाय ते जवळून वाजवलेल्या एका वाद्यासाठी किंवा एका गळ्यासाठी आहेत. सबंध बँडपासून आठ-दहा फुटांवर असा एकच माइक उभा केला तर मुद्रणात बँड लांबच्या लाउडस्पीकरवरून ऐकू आल्यासारखा वाटतो.

डायनॅमिक माइक रेकॉर्डरला जोडायची वेळ आलीच, तर केबलकडे नीट पाहावे. एका ठिकाणी आम्ही कॅनन ते बारीक पिन अशी केबल डाग देऊन करून घेतली. कारागिराने काम सुबक केले होते, पण दुसऱ्या काट्याची तार पिनच्या टोकाला आणि तिसऱ्या काट्याची तार पिनच्या मधल्या कडीला जोडली होती. त्यामुळे डावीकडे जो आवाज जातो त्याच्या बरोबर उलटा आवाज उजवीकडे गेला. हेडफोनमध्ये गायिकेचा आवाज डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटत होता, आणि तेच मुद्रण मोबाइलच्या एका स्पीकरवर लावले तेव्हा दोन्ही आवाजांनी एकमेकांना खाऊन टाकले व गाणे जवळजवळ नाहीसेच झाले. अशा जोडणीसाठी दुसऱ्या काट्याची तार टोकाला व कडीला दोन्हीकडे, आणि पहिला व तिसरा काटा बुडाच्या भागाला, असे कारागिराला कागदावर काढून द्यावे. रेकॉर्डरमधली प्लग-इन पॉवरही बंद ठेवावी. केबल हातात आली की एका कानाचा नव्हे, मोबाइलच्या स्पीकरचा निकाल आधी घ्यावा.

शेवटी आमच्या पिशवीत स्थिरावला तो एच१एन. बॅटऱ्या सोडून ६० ग्रॅमच्या आसपास वजन, दोन बारीक (एएए) पेन्सिल सेलवर सुमारे दहा तास चालण्याची क्षमता, आणि वर एकमेकांवर आडवे रोखलेले, ९० अंशांचा कोन करणारे दोन माइक. हे दोन्ही माइक समोरचा आवाज अधिक आणि मागचा कमी घेतात. आमच्या बाबतीत हा गुण निर्णायक ठरला, कारण गंगापूर रोडच्या बाजूला सरावासाठी जी खोली आम्हाला मिळते तिला वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि तीन बाजूंना बोडक्या भिंती आहेत. तिथे टाळी वाजवली तरी ती घुमते. चहूकडून ऐकणारा माइक तिथे बँडपेक्षा खोलीच जास्त मुद्रित करतो.

त्या खोलीत जागा शोधण्यात जो वेळ गेला, तोच माझ्या मते या यंत्रातला खरा खर्च होता. बँड नेहमीप्रमाणे अर्धवर्तुळात बसवला आणि रेकॉर्डर मधोमध, सगळ्यांपासून सारख्या अंतरावर ठेवला, तेव्हा ड्रमने सगळ्यांना गिळले. अंतर सारखे ठेवणे म्हणजे न्याय नव्हे. वाद्यांची ताकद सारखी नसते. मग ड्रमसेट सर्वांत मागे, भिंतीपासून थोडा सुटा नेला आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर जाड सतरंजी टांगली. बेसचा अँप जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला, कारण कोपऱ्यात जमिनीवर तो नुसता गुरगुरत होता. ढोलकी व हार्मोनियम पुढे आले. गायकांसाठी लावलेला स्पीकर रेकॉर्डरकडे थोडा वळवला. रेकॉर्डर गायकांपासून साधारण सहा फुटांवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या किंचित वर आणि खाली झुकवून लावला. तेवढ्या उंचीवरून ढोलकीची चाटी झांजेच्या आड न लपता स्पष्ट आली, आणि गाण्याच्या मध्ये मी भाता किती जोरात ओढतो तेही मला प्रथमच ऐकू आले.

पातळीबाबत एक गोष्ट ठामपणे सांगतो : यंत्रातली आपोआप पातळी लावण्याची सोय बँडसाठी बंद ठेवावी. आपल्या गाण्यांत अंतरा संपताना ठेका थांबतो, क्षणभर नुसता गायक उरतो आणि मग मुखड्यावर सगळे एकदम समेवर येतात. आपोआप चालणारी यंत्रणा त्या क्षणभराच्या शांततेत पातळी चढवते. पंख्याची घरघर वर येते, आणि समेची पहिली थाप पडताच ती घाबरून सगळेच दाबते. ज्या जागेसाठी श्रोता वाट पाहतो ती जागाच चेपली जाते. त्यापेक्षा सर्वांत जोराचे गाणे आधी वाजवून घ्यावे, पडद्यावरची पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतके चाक फिरवावे आणि मग त्याला हात लावू नये. २४ बिट व ४८ किलोहर्ट्झवर मुद्रण केले तर तासाला साधारण १ जीबी जागा लागते. एच१एन ३२ जीबीपर्यंतचे कार्ड घेतो, म्हणजे जागेची चिंता नाही.

उणिवाही आहेत. अंग हलक्या प्लास्टिकचे असल्यामुळे हातात धरून मुद्रण केले तर बोटांची प्रत्येक हालचाल खडखडते. मागे स्टँडचे आटे आहेत, ते वापरावेतच. कॅनन पिनचे तोंड नाही, त्यामुळे पुढे चांगले माइक घेतले तर हे यंत्र मागे पडणार. आणि वाऱ्यापुढे ते हतबल आहे.

टास्कॅमच्या डीआर-०५एक्सचा विचार करावा लागतो तो इथे. त्याचे दोन्ही माइक चहूबाजूंनी ऐकणारे आहेत, आणि अशा माइकांवर वाऱ्याचा व हाताळणीचा परिणाम तुलनेने कमी होतो. खर्जही भरदार येतो. गणपतीच्या आधी नदीकाठी किंवा मोकळ्या मैदानावर ढोल पथकांचे सराव सुरू होतात तेव्हा आकाश भरलेले आणि वारा सुटलेला असतो. घुमवणाऱ्या भिंती तिथे नसल्यामुळे चहूकडून ऐकण्याचा तोटा उरत नाही, आणि मर्यादेतले ते वरचे ५ डेसिबल उपयोगी पडतात. तरीही ढोलांच्या रिंगणात शिरू नये. ताशेवाल्यांच्या समोर पंधरा-वीस फुटांवर, डोक्याच्या वर स्टँड नेऊन मुद्रण केले तर ताशाची तर्री आणि ढोलाचा ठोका वेगवेगळे ऐकू येतात. रिंगणात दोन्हींचा मिळून एकच गडगडाट होतो. आमच्या पत्र्याच्या खोलीत मात्र याच रेकॉर्डरने घुमारा इतका घेतला की गाण्याचे शब्द धूसर झाले. म्हणून या दोघांतला कोणता चांगला, असे मला कोणी विचारले तर मी आधी विचारतो, तुमच्या डोक्यावर छत आहे का.

घाटावर कोणतेही यंत्र न्यायचे असो, वारा अडवण्यासाठी माइकवर चढवायची केसाळ टोपी घेतल्याशिवाय जाऊ नये. नुसता स्पंज खोलीत गायकाच्या फुंकरीपुरता ठीक असतो. गोदाकाठच्या वाऱ्यापुढे तो टिकत नाही, आणि वाऱ्याचा धडधडाट एकदा मुद्रणात आला की नंतर काढता येत नाही. खर्ज कापण्याची सोय उघड्यावर चालू ठेवावी. खोलीत बंद, कारण बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते आणि तीच आपण कापून टाकू.

रोडचा व्हिडिओमायक्रो ढोलाला मुळीच घाबरत नाही. पण तो एकाच वाहिनीचा आहे आणि त्याची कक्षा १०० हर्ट्झपासून सुरू होते, त्यामुळे ढोलाचा पोटात जाणवणारा भाग त्यात पातळ होतो. कॅमेऱ्यावर चित्रीकरण करणाऱ्याला तो पुरे. केवळ ऐकण्यासाठी मुद्रण करणाऱ्याने त्याच्यामागे लागू नये.

कालिदास कलामंदिरासारख्या सभागृहात कार्यक्रम असेल तर गणित बदलते, कारण तिथे प्रेक्षकांत ठेवलेला माइक बँड नव्हे, स्पीकर ऐकत असतो. साउंड ऑपरेटरला आधीच विनंती केली तर मिक्सरच्या रेकॉर्ड आउटमधून तार मिळते. ती आपल्या रेकॉर्डरच्या बारीक पिनेत बसेल असा जोड आपणच न्यावा आणि पातळी फार चढी असेल तर मिक्सरकडूनच उतरवून घ्यावी. पण या मुद्रणात एक गंमत होते. लहान सभागृहात ड्रम प्रेक्षकांपर्यंत आपसूक पोहोचतो, म्हणून ऑपरेटर त्याला मिक्सरमध्ये फारसा चढवत नाही. साहजिकच तारेतून आलेल्या मुद्रणात गायक कानाशी आणि ड्रम शेजारच्या गल्लीत असतो, आणि टाळ्या तर नसतातच. आम्ही त्यासाठी दुसरा रेकॉर्डर मित्राकडून मागून आणतो, तो चौथ्या-पाचव्या रांगेत मध्यभागी लावतो आणि नंतर संगणकावर दोन्ही जुळवतो. सुरुवातीला एक मोठी टाळी वाजवून ठेवली की जुळवणे सोपे जाते. दोन यंत्रांची घड्याळे तासाभरात किंचित मागेपुढे होतात, म्हणून प्रत्येक गाणे वेगळे जुळवावे.

अंदाजपत्रकातला काही भाग माइकखेरीज इतर गोष्टींसाठी राखून ठेवावा. टेबलावरचा बुटका तिपाई स्टँड बँडसाठी निरुपयोगी आहे. माणसाच्या उंचीपेक्षा वर जाणारा साधा माइक स्टँड आणि त्यावर कॅमेऱ्याचे आटे बसवणारा जोड घ्यावा. पुन्हा चार्ज होणारे सेल घेतले तर यंत्रातील सेलचा प्रकार निवडण्याची नोंद बदलावी, नाहीतर उरलेल्या चार्जचा अंदाज चुकीचा दाखवला जातो. कानावर पूर्ण बसणारा तारेचा हेडफोन हवाच, कारण ब्लूटूथमधून ऐकताना आवाज उशिरा पोहोचतो आणि चालू मुद्रणावर लक्ष ठेवणे अवघड होते.

ऑनलाइन आणि दुकानातल्या किमतींत फरक असतो, पण शक्य असेल तर दुकानातूनच घ्यावे, आणि आपले कार्ड व हेडफोन सोबत न्यावेत. पैसे देण्याआधी काउंटरवरच मिनिटभर मुद्रण करावे, दोन्ही वाहिन्या सारख्या भरतात का ते पाहावे, यंत्र शांत ठेवून पातळी पूर्ण चढवून सरसर किती आहे ते ऐकावे आणि स्टँडचे आटे एकदा बसवून बघावेत. वॉरंटी भारतातील अधिकृत वितरकाची आहे की बाहेरून आणलेल्या मालाची, हे बिलावर लिहून घ्यावे, आणि बिलावर यंत्राचा क्रमांकही घालून मागावा.